दारालगतच्या अरुंद पॅसेजमध्ये सागवानी फळ्यांचे पॅनेलिंग

फ्लॅटचे मुख्य दार उघडल्यावर साडेतीन-चार फूट रुंदीचा आणि पाच-सहा फूट लांबीचा जो पॅसेज लागतो, त्याच्या भिंतीइतकी घरातली दुसरी कोणतीही भिंत मळत नाही. मुलांची दप्तरे आणि बाजाराच्या पिशव्या तिला घासून जातात, चपला काढताना तोल सावरण्यासाठी प्रत्येक जण तिच्यावरच हात टेकतो आणि पावसाळ्यात निथळणाऱ्या छत्र्यांचे पाणीही तिच्याच पायाशी साचते. ही भिंत कमरेच्या वरपर्यंत लाकडाने मढवली, तर दारातच घराला भारदस्तपणा येतो आणि रोजच्या घासाघाशीचा मार रंगाऐवजी लाकूड झेलते. मात्र इतक्या लहान जागेत डिझाइन निवडण्याआधी दोन हिशेब करावे लागतात. एक जाडीचा आणि दुसरा ओलीचा. हे दोन जमले, तर साध्या फळ्याही शोभून दिसतात. ते चुकले, तर महागडे काम दोन पावसाळ्यांत भिंतीपासून सुटू लागते.

या कामाच्या अनेक पद्धती आहेत. प्लायवर टीक व्हिनियर लावून त्यावर बीडिंगच्या चौकटी काढता येतात, तयार लूव्हर पॅनेल (उभ्या खाचांचे) चिकटवता येतात किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या) पट्ट्या लावून त्यांना रंग देता येतो. येथे मात्र एकच पद्धत सविस्तर सांगितली आहे: अर्ध्या उंचीपर्यंत, उभ्या, एकमेकींत बसणाऱ्या सागवानी फळ्या. जुन्या वाड्यांच्या तक्तपोशीत, म्हणजे लाकडी फळ्यांच्या छतात, फळीला फळी जोडण्याची जी रीत दिसते, तिच्याच जातीचे हे काम आहे. ते घरच्या घरी, एका मदतनिसाच्या सोबतीने, करता येण्याजोगे आहे. शिवाय पुढेमागे एखादी फळी खराब झाली, तर तेवढीच बदलता येते. लूव्हर पॅनेल दिसायला आकर्षक असले, तरी दारातून येणारी धूळ त्याच्या प्रत्येक खाचेत बसते आणि ती रोज कोण पुसणार, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. एमडीएफ कोरड्या खोलीत चालते, पण ओल्या छत्रीच्या शेजारी ते फुगते आणि एकदा फुगलेले एमडीएफ पूर्ववत होत नाही.

उंची आणि जाडी

पॅनेलिंग छतापर्यंत नेण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अरुंद पॅसेजमध्ये नैसर्गिक उजेड बहुधा नसतोच, त्यामुळे वरपर्यंत गेलेले गडद लाकूड जागा आणखी आवळते. याखेरीज एक व्यावहारिक कारण आहे. आपल्याकडे स्विचबोर्ड साधारणपणे जमिनीपासून चार ते साडेचार फुटांवर असतात. पॅनेलिंगचा माथा ४६ इंचांवर थांबवला, तर बहुतेक घरांत बोर्डाला हात लावावा लागत नाही. बॉक्स पुढे ओढणे, तारा लांबवणे आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावणे हे सगळे टळते. आपल्या बोर्डाची खालची कड मोजावी आणि माथ्याची पट्टी तिच्या किमान दोन इंच खाली राहील, अशी उंची ठरवावी. एमसीबीचा डीबी बॉक्स (घरातल्या मुख्य वीज-स्विचांची पेटी) मात्र कोणत्याही परिस्थितीत लाकडाखाली झाकू नये.

जाडीचा हिशेब असा. भिंतीवर १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांवर १२ मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर) जाडीच्या फळ्या, असे मिळून सुमारे एक इंच होतो. माथ्याची पट्टी त्याच्या पुढे आणखी पाऊण इंच येते. साडेतीन फुटांच्या पॅसेजमध्ये एका भिंतीला हे खपून जाते, परंतु दोन्ही भिंतींना केल्यास तीन-साडेतीन इंच कमी होतात आणि फ्रिज किंवा कपाट आत नेण्याच्या दिवशी त्याची आठवण होते. म्हणून पॅनेलिंग एकाच भिंतीला करावे आणि चपलांचा रॅक समोरच्या भिंतीला ठेवावा. दार ज्या भिंतीकडे उघडते तीच भिंत निवडली असेल, तर दार पूर्ण उघडून हँडल कुठे टेकते, हे आधी पाहावे. हँडल पॅनेलिंगच्या उंचीतच असते, त्यामुळे फरशीवर डोअर स्टॉपर बसवल्याशिवाय पहिल्या आठवड्यातच फळीला खड्डा पडेल. सेफ्टी डोअरच्या बाबतीतही हेच तपासावे.

भिंतीची ओल

अनेक फ्लॅटमध्ये पॅसेजच्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम असते. त्या भिंतीला लोणा लागला असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील किंवा स्कर्टिंगच्या वर हाताला गारवा जाणवत असेल, तर लाकूड आणण्याआधी ती ओल बंद करणे भाग आहे. पॅनेलिंगने डाग झाकले जातात, ओल थांबत नाही. उलट बंद पोकळीत ती कोंडते आणि वाळवीला हवे असलेले अंधार, ओलावा व लाकूड असे तिन्ही एका जागी मिळतात.

वरवर कोरडी दिसणारी भिंतही तपासून घ्यावी. फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा स्कर्टिंगच्या थोडा वर भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी तो काढून पाहावा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर तो हवेतला दमटपणा आहे आणि त्याने काम अडत नाही. ही तपासणी पावसाळ्यात किंवा पाऊस सरल्यावर लगेच करावी, कारण एप्रिलमध्ये जवळजवळ प्रत्येक भिंत उत्तीर्ण होते. ओल सापडली, तर बाथरूमच्या फरशीचे सांधे, नळाची जोडणी किंवा बाहेरच्या भिंतीची भेग यांपैकी कारण शोधून ते दुरुस्त करावे, खराब गिलावा खरवडून नवा करावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा. या टप्प्याला महिना-दोन महिने लागले, तरी लागू द्यावेत.

लाकूड निवडणे आणि चिरून घेणे

साग या कामाला सर्वांत योग्य, कारण त्याच्या गाभ्यातले नैसर्गिक तेल वाळवीला आणि ओलाव्याला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि तो ऋतुमानानुसार फारसा हलत नाही. व्यापारात ‘सीपी’ म्हणून ओळखला जाणारा चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग रंगाने आणि रेषांनी उत्तम असतो, पण महाग असतो. गाभ्याचे लाकूड सोनेरी-तपकिरी असते, तर सालीलगतचा भाग फिकट पांढरट असतो. या पांढऱ्या भागात सागाचे टिकाऊपण नसते आणि घुण आधी तिथेच लागतो, म्हणून पांढरी कड असलेल्या फळ्या वखारीतच बाजूला काढाव्यात. बजेट कमी असेल, तर शिवण हा चांगला पर्याय आहे. ते लाकूड हलके असते आणि सुकल्यावर पीळ खात नाही. कोकणात फणसाचे पिवळसर लाकूडही मिळते आणि पॉलिशखाली ते काळानुसार गडद होत जाते. आंब्याच्या फळ्या स्वस्त असल्या, तरी घुणाच्या भीतीने मी त्या भिंतीवर सुचवणार नाही.

पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मिळाला, तर तो पूर्ण मुरलेला असल्यामुळे नव्या लाकडापेक्षा सरस ठरतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात चौकशी करता येते. अशा लाकडावर आधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधावेत आणि सगळे उपटून काढावेत, नाहीतर चिरताना करवतीचे पाते तुटते आणि वखारवाला दुसऱ्यांदा तुमचे लाकूड हातात घेत नाही.

आता मापे. समजा, भिंत ७१ इंच लांब आहे. फळीची दर्शनी रुंदी आणि तिच्या शेजारची एक मिलिमीटरची फट मिळून चार इंच धरले, तर १७ पूर्ण फळ्या बसतात आणि शेवटी तीन इंचांची एक फळी उरते. एका टोकाला पूर्ण फळी आणि दुसऱ्या टोकाला कापलेली, हे लहान भिंतीवर लगेच नजरेत भरते. त्याऐवजी मध्ये १६ पूर्ण फळ्या आणि दोन्ही टोकांना साडेतीन-साडेतीन इंचांची एकेक, अशी वाटणी करावी. बेरीज तीच ७१ येते, पण काम दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. टोकांच्या या दोन फळ्या प्रत्यक्षात आणखी दोन-दोन सूत अरुंद ठेवाव्यात, म्हणजे पावसाळ्यात फुगायला जागा राहते. ती जागा नंतर कडेच्या पट्टीखाली झाकली जाते.

अशा १८ फळ्यांसाठी, प्रत्येकी ४२ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि रंधा मारण्यापूर्वी सहा सूत जाड धरल्यास, दीड घनफुटाला थोडे कमी लाकूड लागते. माथ्याची पट्टी आणि तूटफूट धरून दोन घनफूट घ्यावे. वखारीतून किंवा मिलमधून फळ्या चार सूत जाडीला रंधून, एका कडेला तीन सूत लांबीची जीभ आणि दुसऱ्या कडेला त्याहून किंचित खोल खाच पाडून घ्याव्यात. मिलवाले याला टंग-ग्रूव्ह म्हणतात. हे काम घरी हाताने करण्यात शहाणपण नाही. यंत्रावर सर्व फळ्या एकसारख्या निघतात आणि इथे एकसारखेपणाच हवा असतो. आडव्या पट्ट्यांसाठी १२ मिलिमीटरचे मरीन प्लाय घ्यावे आणि त्यावर आयएस ७१० चा शिक्का आहे ना, हे पाहावे. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये.

फळ्या घरी आल्यावर लगेच ठोकायला घेऊ नयेत. ज्या घरात लावायच्या आहेत त्याच घरात, दोन फळ्यांमध्ये बारीक रिपा देऊन, आडवी थप्पी रचून त्या दहा-पंधरा दिवस ठेवाव्यात. लाकूड त्या घराच्या हवेशी जुळते आणि ज्या फळीला पीळ खायचा असेल, ती भिंतीवर जाण्याआधीच तसे दाखवून देते. भिंतीला उभ्या टेकवून ठेवलेल्या फळ्या मात्र हमखास कमानतात.

पॉलिश आधी, फळ्या नंतर

बहुतेक सुतार आधी फळ्या ठोकतात आणि नंतर जागेवर पॉलिश करतात. या कामात तो क्रम उलटा करावा. चार इंची सागवानी फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान साधारण एक मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. पावसाळ्यात बसवून पॉलिश केलेली फळी मार्चमध्ये आक्रसली, की जिभेचा पॉलिश न झालेला भाग उघडा पडतो आणि प्रत्येक सांध्याशी एक फिकट रेघ दिसू लागते. फळ्या आधीच, जिभेसह, सगळीकडून पॉलिश केल्या तर ही रेघ कधीच दिसत नाही. पाठीमागच्या बाजूला सुद्धा सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या पहिल्या थराचे, दोन हात द्यावेत. पुढून बंद आणि मागून उघडे असलेले लाकूड एकाच बाजूने ओलावा पिते आणि पन्हळीसारखे वाकते.

आधी १२० नंबरच्या, मग १८० आणि शेवटी २२० च्या पॉलिश पेपरने, नेहमी रेषेच्या दिशेने, फळी घासावी. आडवे घासलेले ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पहिला हात दिल्यावर दिसतात. सीलर सुकल्यावर ३२० च्या पेपरने हलका हात फिरवून धूळ पुसावी आणि अंतिम हात द्यावा. चपड्याचे फ्रेंच पॉलिश दिसायला सर्वांत देखणे आणि घरच्या घरी डागडुजी करता येण्याजोगे आहे, पण पाण्याचा थेंब राहिला की त्यावर पांढरा डाग उठतो. दारातल्या भिंतीसाठी म्हणून मी मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश निवडेन. चकचकीत ग्लॉसी पॉलिश अरुंद जागेत बल्बचा उजेड डोळ्यांवर फेकते आणि बोटांचे ठसेही दाखवते. कोणतेही पॉलिश भर पावसाच्या दिवसांत करू नये. हवेतला दमटपणा थरात अडकून पृष्ठभाग दुधाळ होतो. पीयू, मेलामाइन आणि स्पिरिट हे सर्व ज्वालाग्राही असल्यामुळे काम चालू असताना आणि वास पूर्ण जाईपर्यंत त्या भागात उदबत्ती, निरांजन किंवा पणती लावू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तोंडाला योग्य मास्क बांधावा.

आडव्या पट्ट्या

प्लायच्या दोन इंच रुंद पट्ट्या कापून त्यांच्या कडांना सीलर आणि मागील बाजूस वाळवीरोधक द्रावण लावून घ्यावे. अशा तीन ओळी लागतात: एक तळाशी, एक मधोमध आणि एक माथ्याखाली. ओळींची उंची फरशीपासून मोजून ठरवू नये, कारण दाराकडे फरशीला थोडा उतार असू शकतो. पाण्याच्या नळीने किंवा पाणसळीने भिंतीवर एक समतल रेघ मारावी आणि सर्व मापे तिच्यावरून घ्यावीत.

तळाची ओळ ठरवताना स्कर्टिंगचा विचार करावा. चार इंची टाइलची स्कर्टिंग काढून टाकून फळ्या फरशीपर्यंत नेल्या, तर काम अधिक नीटनेटके दिसते, हे खरे. पण रोज पोछा फिरतो त्या पाण्यात फळ्यांची टोके उभी राहतात. फळीचे आडवे कापलेले टोक पाणी सर्वांत वेगाने शोषते. म्हणून स्कर्टिंग तशीच ठेवावी आणि फळ्या तिच्यावर दोन सूत फट सोडून सुरू कराव्यात. फळ्या एक इंच पुढे असल्यामुळे ही फट सावलीत जाते आणि स्कर्टिंग किंचित तिरपी असली तरी तो तिरपेपणा नजरेला येत नाही.

पट्ट्या सलग न लावता दीड-दोन फुटांच्या तुकड्यांत, मध्ये इंचभर जागा सोडून लावाव्यात, म्हणजे तळाच्या फटीतून शिरलेली हवा वर चढू शकते. स्विचबोर्डाच्या थेट वर-खाली आणि बाथरूमकडच्या नळांच्या रेषेत भोक पाडू नये, कारण कन्सील्ड वायरिंग आणि पाइप बहुधा उभ्या रेषेत गेलेले असतात. तारांचा अंदाज लागत नसेल, तर डिटेक्टर वापरावा आणि ड्रिल चालवताना त्या भागाचा एमसीबी बंद ठेवून ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी.

भिंत कशाची आहे यावर पुढचे काम अवलंबून असते. विटांच्या भिंतीत ८ मिलिमीटरचे भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी छोटी नळी) ठोकावी आणि दहा नंबरचा अडीच इंची स्क्रू पिळावा. १२ मिलिमीटर पट्टी आणि साधारण अर्धा-पाऊण इंच गिलावा वजा जाता दीड इंचाच्या आसपास पकड विटेत मिळते. गिट्टी नुसत्या गिलाव्यात राहिली, तर ती काही दिवसांतच सैल होते. सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकच्या भिंती मऊ असतात. त्यांत हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडावे आणि अशा ब्लॉकसाठी मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी वापरावी. नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंती याच्या अगदी उलट. तिथे साधे ड्रिल तापते आणि भोक पडत नाही, म्हणून भाड्याने रोटरी हॅमर आणणे श्रेयस्कर. स्क्रू दर १६ इंचांवर, पण प्रत्येक तुकड्याला किमान दोन असावेत. कोकण, गोवा आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ते स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

स्क्रू पूर्ण आवळण्यापूर्वी ओळंबा लावून तिन्ही ओळी एका सरळ प्रतलात आहेत का, ते पाहावे. गिलावा क्वचितच सपाट असतो. जिथे पट्टी आत बसते, तिथे तिच्यामागे सनमायकाचे तुकडे सारावेत. एकेक तुकडा साधारण एक मिलिमीटरचा असल्यामुळे हवी तेवढी भर नेमकी घालता येते. या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. पट्ट्या सपाट बसल्या की फळ्या आपोआप सरळ बसतात. पट्ट्या वाकड्या राहिल्या तर शेवटपर्यंत प्रत्येक सांध्याशी झगडावे लागते.

फळ्या बसवणे

पहिली फळी दाराच्या चौकटीकडून सुरू करावी आणि तिची खाच चौकटीकडे, जीभ हॉलकडे ठेवावी. टोकाची फळी अरुंद करायची असल्याने तिची खाचेकडची बाजू कापली जाईल, हे ओघानेच आले. चौकट ओळंब्यात नसेल, तर फळी चौकटीला न टेकवता आधी पाणसळीने नेमकी उभी करावी. उरलेली तिरपी जागा कडेची पट्टी झाकेल. पहिली फळी तिरकी लागली, तर अठरावी त्याहून तिरकी लागते. या फळीच्या चौकटीकडच्या कडेला, कडेची पट्टी झाकेल अशा जागी, समोरून पिना माराव्यात. त्यानंतरच्या फळ्यांच्या पिना दिसत नाहीत.

तशी पिन मारण्याची जागा म्हणजे जीभ जिथे फळीतून निघते तो कोपरा. तिथे एक इंची पिन सुमारे ४५ अंशांत तिरपी मारावी, म्हणजे ती फळीच्या मागच्या भागातून प्लायच्या पट्टीत शिरते. साग या जागी पटकन चिरतो, म्हणून आधी बारीक भोक पाडून घ्यावे. एवढे बारीक बिट मिळाले नाही, तर पिनेचे डोके पकडीने कापून तीच पिन ड्रिलमध्ये आवळावी. सुतार हीच युक्ती करतात. शेवटचा ठोका हातोडीने थेट मारू नये. दुसरा खिळा किंवा पंच पिनेच्या डोक्यावर ठेवून तिला आत बसवावे, नाहीतर हातोडीची कड जिभेला दाबते आणि पुढची फळी नीट बसत नाही. तिन्ही ओळींवर एकेक पिन मारली की पुढच्या फळीची खाच या जिभेवर सरकवावी. पिना त्या फळीखाली झाकल्या जातात.

फळी सरकवताना ती पूर्ण ठासू नये. पत्त्यांच्या कॅटमधली तीन पाने एकत्र धरून दोन फळ्यांच्या दर्शनी कडांमध्ये ठेवावीत, फळी त्यांना टेकेपर्यंत आणावी, पिना माराव्यात आणि पाने काढून घ्यावीत. भर पावसाळ्यात, लाकूड आधीच फुगलेले असताना काम करत असाल, तर एकच पान पुरे. सांध्यात फेव्हिकॉल लावू नये. एकमेकींना चिकटलेल्या १८ फळ्या मिळून एका मोठ्या फळीसारख्या वागतात, आणि ती फळी पावसाळ्यात पाऊण इंचापर्यंत वाढू पाहते. तिला जागा मिळाली नाही, तर ती भिंतीवरून फुगून पुढे येते.

दर चार-पाच फळ्यांनंतर पाणसळ लावून पाहावे आणि थोडा तिरपेपणा आला असेल, तर पुढच्या दोन-तीन फळ्यांत वर किंवा खाली अर्धा मिलिमीटर वाटून तो काढावा. शेवटची फळी नेहमीच्या रीतीने आत जात नाही. तिच्या खाचेची मागची कड पटाशीने काढून टाकावी, म्हणजे ती समोरून सरळ बसवता येते. या फळीला पिना न मारता पितळी वॉशरसह तीन छोटे पितळी स्क्रू द्यावेत. स्क्रू दिसतात, पण नीट मापात दिले तर ते शोभेचेच वाटतात. आणि पुढे पाइपची गळती किंवा वाळवी तपासायची वेळ आली, तर या फळीपासून सुरुवात करून सगळे पॅनेलिंग न फोडता उघडता येते.

माथ्याची पट्टी एक इंच जाड आणि पावणेदोन इंच रुंद असावी. तिची वरची कड किंचित पुढे उतरती रंधली, तर तिच्यावर चाव्या आणि सुटे पैसे साचत नाहीत, धूळही कमी बसते. चाव्या ठेवायच्याच असतील, तर मात्र ती सपाट ठेवून पुढच्या कडेला अर्ध्या इंचाचा कठडा द्यावा. पट्टी फळ्यांना न जोडता प्लायच्या वरच्या ओळीत आणि भिंतीत स्क्रूने बसवावी आणि पट्टी व भिंत यांच्या मधली रेघ रंगवता येणाऱ्या सीलंटने भरावी. तिथे हवेसाठी फट ठेवायची असेल, तर फळ्यांचा माथा पट्टीच्या खाली दोन सूत ठेवावा. दोन्ही टोकांना एक इंच रुंदीची उभी पट्टी द्यावी. दाराच्या चौकटीकडची पट्टी कंपासने चौकटीचा आकार उतरवून कापली, तर सांधा एकजीव दिसतो. खुंट्या हव्या असतील, तर त्या पॅनेलिंगच्या वर, वेगळ्या फळीवर बसवून ती फळी गिट्ट्यांनी थेट भिंतीत आवळावी. भिजलेला रेनकोट आणि भरलेले दप्तर यांचे वजन चार सुती फळीवर टाकू नये.

हे काम सुताराकडून करून घ्यायचे असेल, तर २१ स्क्वेअर फुटांसाठी फुटाच्या दरावर कोणी खुशीने येत नाही. रोजावर ठरवणे दोघांनाही सोयीचे. मजुरीत पॉलिश धरले आहे की नाही आणि पाठीमागचे सीलर कोण लावणार, हे आधी बोलून घ्यावे, कारण दिसत नाही ते काम घाईत सर्वांत आधी गळते. सोसायटीला कामाची पूर्वसूचना द्यावी आणि ड्रिलचे काम दुपारच्या विश्रांतीची वेळ टाळून करावे. घर भाड्याचे असेल, तर भिंतीत भोके पाडण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी.

नंतरची निगा फार नाही. कोरड्या किंवा घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, स्कर्टिंगजवळ पोछा टेकवून ठेवू नये आणि चपलांचा ओला ढीग फळ्यांना टेकू देऊ नये. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, टॉर्च घेऊन तळाची फट एकदा पाहावी. तिथे मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवी आहे; पितळी स्क्रू काढून शेवटची फळी उघडावी आणि फळ्यांवर नव्हे, भिंत व फरशीच्या सांध्यावर उपचार करून घ्यावा, कारण ती तिथूनच वर येते.